पिकअपचा चाक-सेन्सर : मालकाची बाजू, मिस्त्रीची बाजू

व्हील स्पीड सेन्सर हा एबीएस (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टीम) असलेल्या गाडीच्या चाकाजवळ बसवलेला, अंगठ्याएवढा भाग असतो. चाक किती वेगाने फिरते आहे, एवढी एकच गोष्ट तो एबीएसच्या संगणकाला सांगतो. पण क्षणाक्षणाला सांगतो. हबवर, ॲक्सलवर किंवा बेअरिंगच्या सीलमध्ये एक रिंग असते, ती चाकाबरोबर फिरते. सेन्सरचे तोंड तिच्यापासून साधारण एक मिलिमीटरवर असते. रिंगचा एकेक दाता समोरून गेला की सेन्सरमध्ये विजेचा एकेक ठोका उमटतो. ४८ दात्यांची रिंग आणि २.१ मीटर घेराचा टायर धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगाला चाक सेकंदात जवळपास ८ फेरे घेते आणि संगणकाकडे सुमारे ३८० ठोके जातात. जोराचा ब्रेक लागला आणि एका चाकाचे ठोके इतरांच्या मानाने एकदम घटले, की ते चाक जाम व्हायला लागले हे संगणक ओळखतो. मग त्या चाकावरचा ब्रेकचा दाब तो सेकंदात अनेकदा सोडतो आणि पुन्हा भरतो. चाक फिरत राहते, म्हणून ब्रेक दाबलेला असतानाही स्टिअरिंग गाडीला वळवू शकते. बॉश कंपनीची ही यंत्रणा १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लास मोटारीत आली. भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या दुचाक्यांनाही ती सक्तीची झाली.

रस्त्यावरच्या सगळ्याच पिकअपना एबीएस नसतो. तो आहे की नाही हे चावी फिरवल्यावर कळते. एबीएसचा पिवळा दिवा काही सेकंद लागून विझला, तर यंत्रणा आहे आणि तिची स्वतःची तपासणी नीट झाली आहे. दिवा विझलाच नाही किंवा चालताना पुन्हा लागला, तर यंत्रणेने स्वतःला बंद करून घेतले आहे.

धाराशिव जिल्ह्यात या सेन्सरला जास्तच सोसावे लागते. सोलापूर–हैदराबाद महामार्ग नळदुर्ग, उमरग्यावरून जातो. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येडशीमार्गे बीडकडे दुसरा महामार्ग जातो. सकाळी या रस्त्यांवर वेगाने धावलेली पिकअप दुपारी बांधाच्या कडेने काळ्या रानात शिरलेली असते. सोयाबीन काढणीला परतीचा पाऊस गाठतो तेव्हा काळी माती हबला, क्लिपांना आणि सेन्सरच्या वायरीला लिंपून बसते, वाळून टणक होते आणि खड्ड्यात चाक वर-खाली झाले की वायर ओढते. मुरमाच्या रस्त्यावर खडे उडतात. उसाच्या पट्ट्यात उंदीर वायर कुरतडतात. वर वॉशिंग सेंटरवर जोराचे पाणी थेट वायरीच्या कपलरवर, म्हणजे जोडावर, मारले जाते. कांदा सोलापूरच्या बाजार समितीत आणि भूमचा खवा गिऱ्हाइकापर्यंत वेळेत पोहोचवायचा असल्याने दिवा लागला तरी गाडी उभी राहत नाही.

या दिव्याचे काय करायचे, यावर गॅरेजच्या दारात दोन पक्ष पडतात. इथे ते मालक आणि मिस्त्री या नावांनी बोलतात.

मालक : "ब्रेक तर नेहमीसारखाच लागतोय, मिस्त्री. नुसत्या दिव्यापायी गाडी कशाला खोळंबून ठेवायची? आधीच्या गाडीला एबीएस नव्हताच. तिनं जन्मभर कांदाच वाहिला."

मिस्त्री : "साधा ब्रेक लागतोच मालक, तो बंद पडत नाही. पण आधीच्या गाडीला मागं लोडप्रमाणं हलणारा व्हॉल्व्ह होता. या गाडीला तो आहे का, ते खाली वाकून बघितलंय का कधी?"

मिस्त्रीचा हा प्रश्न वादाच्या मुळाशी जातो. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग फार हलका असतो. पुढे डिस्क, मागे ड्रम आणि पाट्यांच्या स्प्रिंगा असलेल्या या गाडीत माल भरला की मागच्या चाकांना ब्रेक जास्त चालतो. माल उतरला की तेवढाच दाब त्यांना जाम करतो आणि शेपूट आडवी येते. मागच्या चाकांना दाब किती द्यायचा हे पूर्वी मागच्या ॲक्सलला जोडलेला व्हॉल्व्ह ठरवायचा. अनेक नव्या गाड्यांत हे काम ईबीडी करते. ईबीडी म्हणजे एबीएसच्याच संगणकातली सोय, आणि तिला आकडे मिळतात ते याच चाक-सेन्सरांकडून. एखादा सेन्सर गेला तरी बहुतेक गाड्यांत ईबीडी चालू राहते आणि फक्त पिवळा दिवा दिसतो. पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर ईबीडीही गेलेली असू शकते किंवा ब्रेक ऑइल कमी झालेले असते. पिवळ्या दिव्यावर गाडी जपून, अंतर ठेवून घरापर्यंत नेता येते. दोन्ही दिवे लागलेली रिकामी पिकअप तुळजापूरच्या घाटातून उतरवू नये.

मालक : "मुरमावर एबीएसनं गाडी उलट लांब जाऊन थांबते. हे माझ्या पायाला कळतं. त्याला काय म्हणाल?"

मिस्त्री : "ते खरंय."

ते खरेच आहे, आणि मालकाच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. सुट्या खडीवर किंवा मुरमावर जाम झालेले चाक आपल्यापुढे खड्यांचा ढीग लोटते आणि तो ढीगच गाडी अडवतो. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, म्हणून ढीग साचत नाही आणि थांबण्याचे अंतर वाढते. पण एबीएसची खरी गरज पडते ती ओल्या डांबरावर आणि माणसांच्या गर्दीत. कोजागरी पौर्णिमेला लाखो भाविक सोलापूरहून तुळजापूरला चालत येतात. मुख्य दिवशी त्या रस्त्यावरची वाहतूक बंद किंवा वळवलेली असते, तरी आधीच्या-नंतरच्या रात्री आणि वळवलेल्या रस्त्यांवरही कडेने माणसे चालत असतात. तिथे गाडी दोन हात आधी थांबते की नंतर, यापेक्षा ब्रेक दाबलेला असताना ती वळते की नाही, याला महत्त्व आहे. जाम झालेल्या पुढच्या चाकांची गाडी स्टिअरिंग कितीही फिरवले तरी सरळच घसरत जाते. मुरमावरचे ज्यादा अंतर वेग कमी ठेवून भरून काढता येते. वळण्याची क्षमता गेली तर ती ड्रायव्हरच्या कसबाने परत मिळत नाही. या मुद्द्यावर पारडे मिस्त्रीकडे झुकते.

दिवा दुरुस्त करायचा हे ठरल्यावर खरा वाद सुरू होतो, आणि गंमत अशी की त्यात दोघे जागा बदलतात. आतापर्यंत खर्च नको म्हणणारा मालक आता घाईने पार्ट बदलायला निघतो.

मालक : "स्कॅनरनं डाव्या पुढच्या चाकाचा सेन्सर दाखवलाय. मग बदलून टाका की. अजून काय तपासायचं?"

मिस्त्री : "स्कॅनर सर्किट दाखवतो मालक, सेन्सर नाही. त्या सर्किटात सेन्सर आहे, वायर आहे, कपलर आहे, रिंग आहे, बेअरिंग पण आहे. नवीन सेन्सर टाकला अन् दिवा तसाच राहिला तर तुम्ही मलाच बोलणार."

स्कॅनरवर दिसणारा सी००३५ हा कोड डाव्या पुढच्या चाकाच्या सेन्सर-सर्किटचा, सी००४० उजव्या पुढच्याचा. काही कंपन्या स्वतःचे वेगळे कोडही वापरतात. कोडमुळे कोणत्या चाकापाशी बसायचे ते कळते, काय बदलायचे ते कळत नाही. त्यासाठी चालत्या गाडीत चारही चाकांचे आकडे स्कॅनरवर शेजारी-शेजारी बघावे लागतात. तीन चाके २० दाखवत असताना चौथे सतत शून्य दाखवत असेल, तर वायर तुटली असेल, कपलर सुटला असेल किंवा सेन्सर मेला असेल. आकडा चाकाच्या दर फेऱ्याला एकदा दचकत असेल, तर रिंगचा दाता तुटला आहे किंवा रिंगला चीर गेली आहे. आकडा फक्त खड्ड्यात गायब होत असेल, तर वायर ओढली जाते किंवा बेअरिंगला ढील आहे. एका चाकाचा आकडा नेहमीच थोडा जास्त येत असेल, तर त्या चाकाचा टायर बघावा. स्टेपनी म्हणून लहान मापाचा किंवा अगदी झिजलेला टायर चढवला की त्याचा घेर कमी होतो, ते चाक जास्त फिरते आणि संगणक गोंधळतो. पिकअपवर वेगवेगळ्या मापाचे टायर चालवून घेण्याची सवय आहे; तिथे सेन्सर बदलणे म्हणजे पैसे पाण्यात.

आणखी एक लक्षण ड्रायव्हरच्या पायाला कळते. गाडी थांबत आलेली, वेग ताशी १० च्या आत, रस्ता कोरडा, ब्रेकही हलकाच. तरी पेडल पायाखाली धडधडते आणि गाडी हातभर पुढे सरकते. असे झाले की बरेच मालक एबीएसचा फ्यूज काढून टाकतात. यामागे बहुधा रिंगवर फुगलेला गंज किंवा सेन्सरच्या चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा कीस असतो. रिंग आणि सेन्सरमधले अंतर बिघडल्याने कमी वेगात ठोके क्षीण होतात, संगणकाला चाक जाम झाल्यासारखे वाटते आणि तो ब्रेक सोडतो. हा बिघाड दिव्यापेक्षा घातक आहे, कारण अनेकदा दिवा लागलेलाच नसतो. फ्यूज काढल्यावर धडधड थांबली, तर दोष एबीएसच्या बाजूला आहे एवढे सिद्ध होते. तो तपासाचा उपाय म्हणून ठीक, कायमचा नाही.

मिस्त्रीच्या हातातला मल्टिमीटर सगळ्या सेन्सरांना चालत नाही. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये चुंबकाभोवती तारेचे वेटोळे असते आणि दात्यांच्या हालचालीने तो स्वतः वीज तयार करतो. त्याचा रोध साधारण ८०० ते २,००० ओहम असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकात बघावा. मीटर एसीवर ठेवून चाक हाताने फिरवले की मिलिव्होल्टचा आकडा हलला पाहिजे. नव्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये चिप असते. त्याला संगणकाकडून वीज मिळावी लागते आणि तो साधारण ७ व १४ मिलिअँपिअर अशा दोन पातळ्यांमध्ये बदलत्या प्रवाहाने ठोके पाठवतो. हा सेन्सर गाडी अगदी सावकाश चालतानाही वेग वाचतो. पण त्याच्यावर ओहमचा मीटर लावून काही कळत नाही, उलट चिप खराब होण्याचा धोका असतो. चावी चालू ठेवून कपलरच्या गाडीकडच्या तोंडाला वीज येते का ते बघावे आणि बाकी काम स्कॅनरवर सोडावे.

चाक उचलल्यावर ते वर-खाली धरून हलवून बघणे ही सगळ्यात स्वस्त तपासणी. खट असा ढील जाणवला तर आधी बेअरिंग, मग सेन्सर. नव्या गाड्यांत रिंग दात्यांची नसते, बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकांची पट्टी बसवलेली असते. असे बेअरिंग ठोकताना उलटे बसले तर पट्टी सेन्सरच्या विरुद्ध बाजूला जाते आणि नवा-जुना कोणताच सेन्सर काही वाचू शकत नाही. बेअरिंगचे काम झाल्यावर लगेच दिवा लागला असेल, तर हीच शंका पहिली घ्यावी.

मालक : "परवा जाळी वाढवून घेतली क्रेटसाठी. त्यानंतर दिवा लागला. त्याचा काही संबंध?"

मिस्त्री : "बॅटरी काढली होती का वेल्डिंगच्या वेळी?"

हा संबंध मालकांच्या सहसा लक्षात येत नाही. भाजीच्या क्रेटसाठी हौद्यावर जाळी चढवताना वेल्डिंगची अर्थिंग लांब, कुठेतरी चेसिसला लावली, तर प्रवाह परत जाताना मधल्या वायरी आणि बेअरिंगमधून वाट काढू शकतो. संगणक आणि चिपचे सेन्सर त्यात जळतात. बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढावे आणि अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावावा.

सेन्सरच गेला हे सिद्ध झाल्यावर कोणता घ्यायचा, यावर पुन्हा दोन मते असतात.

मालक : "लोकल सेन्सर निम्म्याहून कमी पैशात मिळतोय. बसतो पण तोच. अन् बदलायचाच तर दोन्ही बाजूंचे बदला म्हणतात, ते कशाला?"

मिस्त्री : "दोन्ही नका बदलू, एकच बदला. पण तो एक चांगला टाका."

एकाच सेन्सरचे म्हणणे बरोबर आहे. ब्रेक पॅड जोडीने बदलतात, कारण दोन्ही बाजूंचा जोर सारखा लागतो. सेन्सर झिजत नाही, म्हणून चालू असलेला काढण्यात अर्थ नाही. उलट तो काढताना मोडण्याचीच भीती. लोकल मालाबद्दल मालकाचा हिशोब समजण्यासारखा असला तरी त्यात एक चूक आहे. सेन्सर भोकात बसतो यावरून तो त्या गाडीचा ठरत नाही. वेटोळ्याचा आणि चिपचा सेन्सर बाहेरून सारखा दिसू शकतो. तोंडाची लांबी अर्ध्या मिलिमीटरने कमी असली तरी ठोके क्षीण होतात. वायर आखूड असली तर स्टिअरिंग पूर्ण वळल्यावर ताणून तुटते. पार्ट नंबर जुळवून घेतलेला, नावाजलेल्या कंपनीचा सेन्सर हा मधला मार्ग आहे. तुटलेल्या वायरीला गाठ मारून टेप गुंडाळणे मात्र टाळावे, विशेषतः चेसिसपासून हबपर्यंत हलणाऱ्या भागात. तिथली गाठ पहिल्या पावसात हिरवी पडते आणि दिवा परत येतो.

बदलण्याचे काम पुढच्या चाकाला तासाभराचे. गाडी सपाट, टणक जागी घ्यावी. काळ्या रानात जॅक खचतो. हँडब्रेक ओढून उरलेल्या चाकांना लाकडी गुटके लावावेत, चावी बंद करावी, चाक जमिनीवर असतानाच नट सैल करावेत आणि जॅकने उचलल्यावर चेसिसखाली स्टँड द्यावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नये. चाक काढल्यावर सेन्सरपासून वायरीचा माग काढत कपलरपर्यंत जावे आणि प्रत्येक क्लिपची जागा मोबाइलवर टिपून ठेवावी. कपलरभोवतीची माती आधी झटकावी, मग तो उघडावा. पिनांवर हिरवट थर असेल तर दोष बऱ्याचदा तिथेच सापडतो. कॉन्टॅक्ट क्लीनरने तो साफ करून एकदा दिवा विझतो का ते बघावे. मागच्या चाकाला ड्रम असल्याने सेन्सर मागच्या पत्र्यावर किंवा ॲक्सलच्या घरावर असतो आणि रिंग बघायला ड्रम काढावा लागतो.

सेन्सरचा बोल्ट लहान असतो आणि सहज निघतो. सेन्सर निघत नाही. लोखंडी भोकात गंज फुगून त्याला चोहोबाजूंनी आवळतो. या कामात सर्वात जास्त नुकसान इथेच होते.

मालक : "पेचकस घालून उचका की."

मिस्त्री : "उचकलं तर डोकं हातात येईल अन् बुडखा आत राहील."

गंज सोडवणारे तेल मारून थांबावे, अर्धा तास तरी. मग सेन्सर बोल्टच्या कानापाशी पकडून डावीकडे-उजवीकडे थोडा थोडा फिरवावा, पुन्हा तेल, पुन्हा फिरवणे. तो एकदा हलला की फिरवत वर येतो. सरळ ओढल्याने किंवा एका बाजूने उचकल्याने प्लास्टिक तुटते. तसे झालेच, तर डिस्क काढून बुडखा आतल्या बाजूने बाहेर ठोकता येतो का ते बघावे. ड्रिल हा शेवटचा उपाय आहे: त्याचा कीस रिंगवर पडतो, सेन्सरचे चुंबक तो ओढून घेते आणि नव्या सेन्सरला पहिल्याच दिवशी जुना रोग लागतो. ड्रिल करावेच लागले तर रिंग आधी कापडाने झाकावी आणि नंतर कीस पुसून काढावा. तेल डिस्कवर किंवा ब्रेक पॅडवर उडाले असेल तर ब्रेक क्लीनरने स्वच्छ करावे. पॅड तेलाने भिजला असेल तर तो बदलावाच लागतो.

रिकाम्या भोकातून रिंग पूर्ण फेरा फिरवून बघायची संधी याच वेळी मिळते, ती सोडू नये. मग बारीक पॉलिश पेपरने भोक आणि सेन्सर टेकतो ती बैठक चकचकीत होईपर्यंत घासावी. बैठकीवर गंजाचा थर राहिला तर सेन्सर तेवढा वर उचलला जातो आणि अंतर वाढते. भोकाच्या भिंतीला ब्रेकचे ग्रीस बोटाने पुसट लावावे, सेन्सरच्या तोंडाला नको. सेन्सर हाताच्या दाबाने बसला पाहिजे. हातोडी लागत असेल तर भोक अजून साफ झालेले नाही. छोटा बोल्ट बेताने, पुस्तकात दिलेल्या जोराइतकाच आवळावा.

वायर जुन्याच वाटेने, जुन्याच क्लिपांत बसवावी. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवून ती कुठे ताणते किंवा टायरला घासते का ते बघावे. चाक चढवताना नट समोरासमोर आवळत जावेत आणि शेवटचा जोर गाडी खाली टेकल्यावर द्यावा.

कोड स्कॅनरने पुसल्यावर दिवा लगेच विझला नाही तर घाबरू नये. काही गाड्यांत संगणक चाकांचे ठोके प्रत्यक्ष चालताना तपासतो आणि थोडे अंतर सरळ धावल्यावरच दिवा मालवतो. मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर मागे कोणी नाही हे बघून ताशी ३०-४० वेगाला एकदा जोरात ब्रेक दाबावा. पेडल धडधडले आणि गाडी सरळ थांबली की यंत्रणा जागी आहे. मग हळूहळू, साध्या ब्रेकने अगदी शून्यापर्यंत थांबून बघावे. या वेळी धडधड झाली तर रिंग किंवा अंतर पुन्हा तपासायला हवे.

मालक : "आता माल भरू का?"

मिस्त्री : "भरा. पण सोलापूरहून परत आलात की चाकाचे नट दाखवायला या."

पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पान्याने पुन्हा तपासायचे असतात. तुळजापूर ते सोलापूर हे अंतर सुमारे ४५ किलोमीटरचे, म्हणजे माल उतरवून परत येईपर्यंत ती वेळ झालेलीच असते. त्याच वेळी वायरीच्या क्लिपा जागेवर आहेत का आणि दिवा विझलेलाच आहे का, हेही बघून घ्यावे.